कोंकचं सँत फ्वा चर्च बघायचं कसं: आधी खजिना, मग भिंती, आणि दार सगळ्यात शेवटी

दक्षिण फ्रान्सला जाणारे आपले लोक कार्कासोनचा किल्ला करतात, आव्हिन्यों करतात, लॅव्हेंडरच्या शेतात फोटो काढतात आणि परत. कोंक बहुतेकांच्या यादीत नसतंच, आणि असलं तरी तासाभरात चर्चला एक चक्कर, एक आइस्क्रीम, चला बसा गाडीत. त्यांना तरी काय बोलायचं, आत गेल्यावर दिसतं काय तर उंच दगडी भिंती, खांबच खांब, आणि रंगीत काचासुद्धा नाहीत. पण हेच चर्च नीट क्रम लावून बघितलं तर हजार-बाराशे वर्षांचा हिशोब उलगडत जातो, म्हणून हे लिहितोय, जाणार असाल तर फोनमधे सेव्ह करून ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. रोमानेस्क की गॉथिक, कुठली कमान कुठल्या शैलीची, या भानगडीत सुरुवातीलाच पडू नका, ते नंतर आपोआप कळतं. मनात एकच प्रश्न ठेवा, की एवढ्या आडबाजूच्या डोंगरात गर्दी आली कशाला आणि आलेल्या गर्दीसाठी मठाने काय काय केलं. या एका प्रश्नाने निम्मं चर्च समजतं.

घरूनच वाचून जायची गोष्ट

कोंक हे आवेरों भागातलं डोंगरउतारावरचं गाव, उश नावाचा ओढा दुर्दू नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला. आठव्या शतकाच्या शेवटी दादों नावाचा एक संन्यासी इथे एकटाच येऊन राहिला, मग हळूहळू माणसं जमली, बेनेडिक्टाइन मठ झाला, 819 मधे सम्राट लुई द पायसने मठाला सनद दिली. सगळं ठीक, पण मठाकडे एकाही बड्या संताचे अवशेष नव्हते. त्या काळात हाडं नाहीत म्हंजे यात्रेकरू नाहीत, यात्रेकरू नाहीत म्हंजे दानधर्म नाही, जमिनी नाहीत, वजन नाही. त्यात शेजारी फिजाकला दुसरा मठ उभा राहिला, तिथली जागा मोकळी आणि सोयीची, आणि दोन मठांमधे जी चुरस लागली ती 11 व्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली.

मग कोंकच्या साधूंनी सरळ चोरी केली. आधी सारागोसाच्या संत विन्सेंटचे अवशेष मिळवायचा प्रयत्न झाला, तो फसला. मग लक्ष गेलं आझँ गावाकडे. तिथे सँत फ्वा नावाच्या कोवळ्या मुलीची समाधी होती, परंपरा सांगते की रोमन काळात, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, धर्म सोडत नाही म्हणून तिला मारलं. कोंकचा आरिविस्कुस नावाचा साधू आझँला जाऊन राहिला, तिथल्या लोकांचा विश्वास कमावला, समाधीची राखण त्याच्याचकडे आली, आणि साधारण दहा वर्षांनी एका रात्री समाधी फोडून अवशेष घेऊन तो पळाला. साल 866 धरतात. गंमत म्हंजे मठाने हे लपवलं नाही, उलट अभिमानाने लिहून ठेवलं, कारण त्यांचा युक्तिवाद असा की संताच्या मनात नसतं तर ती हललीच नसती, आली म्हंजे तिलाच यायचं होतं. यावर काय बोलणार.

ही चोरी डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

पोचायचं कसं

गाडी असेल तर उत्तम. तुलूझहून अडीच तासांच्या आसपास लागतात, रोदेझहून तासभर सुद्धा नाही. बस-ट्रेनने जमतं पण फेऱ्या मोजक्या आहेत, सीझननुसार बदलतात, त्यामुळे परतीची वेळ आधी बघा आणि मगच जायचं ठरवा, तुलूझला शिकायला आलेल्या मुलांनी तर विशेष, कारण शेवटची बस गेली की तिथे मुक्कामच. खरं सांगायचं तर मुक्कामच करा, कारण पुढे येईल. गाड्या गावाबाहेर लावायच्या असतात आणि आत चढउताराचे दगडी रस्ते, तेव्हा चपला-हिल्स नको, बूट घाला. चर्चमधे जायला तिकीट नाही, खजिन्याला आहे. सोबत छोटी दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर फोनचा झूम, पण काहीतरी हवंच, कारण बघायच्या अर्ध्या गोष्टी डोक्याच्या खूप वर आहेत.

जमलं तर गावात शिरायच्या आधी समोरच्या डोंगरावर बांकारेल नावाची जागा आहे तिथे थांबा. तिथून कळतं की जागा किती अडचणीची आहे, उतारावर चिकटलेलं गाव, पातळ दगडाची करडी छपरं, आणि मधे हे अवाढव्य चर्च. लांबीला वाव नाही म्हणून उंचीत वाढवलंय, हे इथूनच लक्षात येतं.

सुरुवात खजिन्यापासून

सगळे खजिना शेवटी करतात, मी म्हणेन पहिला करा. कारण ज्या मूर्तीसाठी हे चर्च बांधलं ती मूर्ती तिथे आहे, आणि तिला बघितल्याशिवाय चर्च बघणं म्हंजे उलटा कारभार.

सँत फ्वाची ही बसलेली मूर्ती 85 सेंटीमीटर उंचीची आहे, म्हंजे अपेक्षेपेक्षा बरीच लहान. आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा. आता चेहऱ्याकडे नीट बघा, बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा वाटतो का? नाही वाटत, कारण ते डोकं मुळात तिचं नाहीच, उत्तर रोमन काळातलं सोन्याचं पुरुषी डोकं आहे, ते आणून धडावर बसवलं. डोळे मोठे, नजर समोर, मान जरा मागे, आणि खरोखर ती तुमच्या डोक्यावरून पलीकडे बघतीये असं वाटतं. मग अंगावर या. रत्नं, मोती, स्फटिक, आणि त्यात रोमन काळातले कोरीव खडे, ज्यावर ख्रिश्चन धर्माशी काडीचा संबंध नसलेली चित्रं आहेत. हे सगळं एकदम केलेलं नाही, नवव्या-दहाव्या शतकापासून पुढे शेकडो वर्षं लोक देत गेले आणि साधू जडवत गेले.

लोक का देत होते ते पण लिहून ठेवलेलं आहे. आंजेचा बर्नार्ड नावाचा एक शिकलेला मास्तर 1013 मधे इथे आला. येताना नाक मुरडतच आला, सोन्याच्या मूर्तीपुढे लोटांगण घालणारे लोक बघून त्याने सोबत्याला टोमणा मारला की हे तर जुपिटर आणि मार्सच्या मूर्तिपूजेसारखं झालं. नंतर तोच तिचा भक्त झाला आणि तिच्या चमत्कारांची वही लिहायला बसला. त्यात गिबेर नावाच्या माणसाची कथा आहे, त्याचे डोळे उपटून काढले होते आणि कोंकला येऊन ते परत आले, बर्नार्ड म्हणतो मी त्याला स्वतः भेटलो. पण मला आवडते ती तुलूझच्या काउंटची बायको आर्सांद हिची गोष्ट. सँत फ्वा तिच्या स्वप्नात आली आणि तुझी सोन्याची कडी मला दे म्हणाली, ही पण काही कमी नाही, हिने मुलगा मागितला, कडी वाहिली आणि दोन मुलगे झाले. असे तिचे हट्ट आणि खोड्या इतक्या होत्या की बर्नार्डने त्यांना संतबाईचे खेळ म्हटलंय. दागिन्यांची आवड असलेली, रुसणारी, बदल्यात काहीतरी देणारी पोरगी, अशी ती लोकांच्या मनात होती.

त्याच खोल्यांमधे 'शार्लमेनचा ए' म्हणतात ती वस्तू बघा, ए अक्षराच्या आकाराची. दंतकथा अशी की शार्लमेन या फ्रँक सम्राटाने आपल्या मठांना एकेक अक्षर वाटलं आणि कोंकला पहिलं मिळालं. प्रत्यक्षात ती वस्तू 1100 च्या आसपास, बेगों तिसरा मठाधिपती असताना घडवलेली आहे, म्हंजे शार्लमेन जाऊन तीनशे वर्षं झाली होती. मोठ्या माणसाशी नातं जोडायची हौस तेव्हाही होतीच. बेगोंच्या नावाचा कंदिलाच्या आकाराचा पेटारा पण आहे, तो सोडू नका.

आणि हे सगळं टिकलं कसं? फ्रेंच राज्यक्रांतीत सगळीकडे चर्चचं सोनं-चांदी वितळवायला नेत होते, तेव्हा गावकऱ्यांनी खजिना आपापसात वाटून घेतला, घरात, बागेत, चेस्टनट वाळवायच्या खोपटात लपवला, आणि धोका टळल्यावर परत आणून दिला. चोरीने सुरू झालेल्या गोष्टीत कोणी काही लंपास केलं नाही हे मला फार भारी वाटतं.

क्लॉइस्टर, म्हंजे जे उरलंय ते

खजिन्याला लागूनच साधूंचं चौकोनी अंगण होतं. क्रांतीनंतर मठ ओसाड पडला आणि 19 व्या शतकाच्या पहिल्या भागात गावाने इथले दगड बिनधास्त घरं बांधायला नेले, त्यामुळे आता एका बाजूची कमानींची रांग तेवढी आहे आणि मधे सर्पेंटाइन दगडाचं मोठं कुंड. इथे फार वेळ लागत नाही. फक्त एक खांबाचा माथा शोधा, ज्यात भिंतीच्या मागून गवंडी डोकावतायत, कंबरेपासून खाली भिंत, वर एकमेकाला चिकटलेली डोकी, हातात हत्यारं, आणि एकजण शिंग फुंकतोय. राजे आणि संत सगळीकडे कोरलेले असतात, काम करणारे स्वतः फार क्वचित सापडतात.

बाहेरून मागच्या बाजूला जा

आता चर्चला बाहेरून वळसा घालून पूर्वेला, म्हंजे वेदीच्या मागच्या बाजूला जा. बांधकाम इथून सुरू झालं, 11 व्या शतकाच्या मध्यात ओदोल्रिक मठाधिपती असताना. दगडाचे रंग बघा. खालच्या, जुन्या भागात तांबूस वाळूचा दगड, पुढच्या टप्प्यात पिवळसर चुनखडीचा दगड, आणि भरावाला शिस्ट नावाचा स्थानिक करडा, थराथरांचा दगड. काम थांबलं, माणसं बदलली, खाण बदलली, हे सगळं भिंतीवर रंगाने लिहिलेलं आहे, पुस्तक लागत नाही. मागून बाहेर आलेले अर्धगोल कोनाडे म्हंजे आतली छोटी प्रार्थनाघरं.

दक्षिणेच्या भिंतीत बेगोंची समाधी आहे, कोरीव शिळेवर मधे ख्रिस्त, एका बाजूला बेगों, दुसऱ्या बाजूला सँत फ्वा. तो 1087 ते 1107 मठाधिपती होता, आणि कोंकचा सुवर्णकाळ म्हणतात तो हाच. या काळात मठाच्या जमिनी आणि शाखा लांब लांब पसरल्या, आल्सासमधे सेलेस्टा इथे, इंग्लंडमधे सुद्धा. इंग्लंडची गोष्ट अशी की यात्रेवरून परतणाऱ्या एका नॉर्मन सरदार जोडप्याला वाटेत दरोडेखोरांनी पकडलं, त्यांनी सँत फ्वाचा धावा केला, सुटले, कोंकला आले आणि घरी जाऊन 1105 मधे नॉरफोकला तिच्या नावाचा मठ काढला.

पश्चिमेचे दोन मनोरे बघून मात्र फार भारावून जाऊ नका, आज दिसतात तसे ते 19 व्या शतकातल्या दुरुस्तीत पूर्ण झालेत.

आत गेल्यावर आधी वर बघा

मुख्य दालन अरुंद आहे आणि लांबीला आखूड, पण छत 22 मीटरवर. मान दुखेपर्यंत वर बघा आणि हे समजून घ्या, कारण खरी इंजिनिअरिंग इथे आहे. छत म्हंजे अखंड दगडी अर्धगोल बोगदा, त्याचं वजन खाली येतं तसंच बाजूच्या भिंतींना बाहेरही ढकलतं. मग भिंती फाकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंच्या वाटांवर दुसरा मजला काढलाय, आणि त्या मजल्याचं छत पाव गोलाचं, जे तो रेटा झेलून बाहेरच्या जाड भिंतीकडे पोचवतं. याची किंमत अशी की मधल्या दालनाच्या भिंतीत वर खिडक्या काढता येत नाहीत, उजेड त्या वरच्या मजल्यातून आडून येतो. आत अंधार का वाटतो याचं उत्तर हे आहे. मधला घुमट मात्र कोसळला होता, आत्ता दिसतो तो अष्टकोनी भाग 15 व्या शतकातला, बरगड्यांच्या कमानी बघितल्या की वेगळा काळ लगेच कळतो.

आता डाव्या बाजूच्या वाटेने चालायला लागा आणि न वळता वेदीच्या मागून फिरून उजव्या बाजूने परत दाराशी या. मधल्या दालनात पाऊलही टाकावं लागत नाही. साधूंची प्रार्थना मधे चालू राहावी आणि यात्रेकरूंची रांग बाहेरून फिरत राहावी म्हणून ही वाट आहे, अगदी पंढरपूरची दर्शनबारी. ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला पायी जाणारे लोक साधारण 200 किलोमीटर चालून इथे पोचायचे, आजही पोचतात, आणि 12 व्या शतकातल्या यात्रा-मार्गदर्शकात कोंकचं नाव आहे, चर्चच्या दारापुढच्या झऱ्याच्या पाण्याचं कौतुक पण आहे. म्हंजे प्रवासात पाणी कुठे चांगलं हे तेव्हाही महत्त्वाचं.

वेदीभोवती लोखंडी जाळ्या आहेत, त्यांच्यापुढे थांबा. काटेरी टोकं, गोल गोल वळलेले गज. सँत फ्वा कैद्यांना सोडवणारी म्हणून प्रसिद्ध होती, सुटलेले लोक नवस फेडायला आपल्या बेड्या आणून इथे टांगायचे, आणि त्या इतक्या साठल्या की त्या लोखंडातून जाळ्या घडवल्या असं बर्नार्ड सांगतो. आत्ताच्या जाळ्या त्याच्यानंतरच्या, 12 व्या शतकाच्या आहेत, पण प्रथा तीच. मूर्ती आत, लोक बाहेर, आणि मधे त्यांच्याच सुटकेचं लोखंड.

उत्तरेच्या आडव्या दालनात भिंतीवर मेरीला देवदूत बातमी देतोय ते शिल्प आहे, दाराचं काम केलेल्या मंडळींचंच काम मानतात. खांबांचे माथे अडीचशेच्या घरात आहेत, सगळे बघायचा अट्टाहास नको, दक्षिणेच्या वाटेवरचा सँत फ्वाला शिक्षा सुनावतानाचा माथा तेवढा शोधा.

खिडक्यांबद्दल. 104 खिडक्या आहेत आणि त्यांच्या काचा पिएर सुलाज या चित्रकाराने केल्या, 1994 मधे पूर्ण झाल्या. हा माणूस जवळच्या रोदेझचा, 1919 चा जन्म, शाळकरी वयात इथे आला आणि आपण चित्रकारच व्हायचं हे त्याचं इथे ठरलं. जन्मभर काळ्या रंगात काम केलेल्या माणसाने इथे रंगच वापरला नाही, बाहेरचं दिसणार नाही पण उजेड आत पसरेल अशी दुधी, दाणेदार काच कित्येक वर्षं प्रयोग करून बनवून घेतली आणि वर फक्त काळ्या वाकड्या रेघा. पहिल्या नजरेला बाथरूमची काच वाटते, मान्य. पण सकाळी एका बाजूच्या खिडक्या निळसर आणि दुसऱ्या बाजूच्या पिवळसर होतात, दिवसभर बदलत राहतात, आणि दगडाचा खरा रंग कुठेही बिघडत नाही. आधीच्या रंगीत काचा काढल्या म्हणून भांडणं बरीच झाली, माझं मत सुलाजच्या बाजूने.

दार, दुपार कलल्यावर

टिंपॅनम म्हणतात ती दारावरची अर्धगोल शिळा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून ऊन तिच्यावर दुपारनंतर येतं. सकाळी बघून गेलात तर सावलीत बघून गेलात. 12 व्या शतकाच्या सुरुवातीचं काम, 6 मीटरहून जास्त रुंद, 124 आकृत्या, विषय निवाड्याचा दिवस, म्हंजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा न्याय करतो तो. निळ्या-तांबड्या रंगाचे अंश अजून आहेत, म्हंजे मुळात हे सगळं रंगवलेलं होतं.

मधे ख्रिस्त, त्याचा उजवा हात वर, डावा खाली. तुमच्या डाव्या हाताला स्वर्ग. पुढे मेरी, मग पीटर किल्ली घेऊन, मग संन्यासी दादों, आणि मग एक मठाधिपती एका मुकुटवाल्याला हाताला धरून ओढत आणतोय. तो मुकुटवाला शार्लमेन. सम्राटाची चाल अशी अवघडलेली आहे की बघूनच कळतं, स्वतःच्या पुण्यावर हे आत यायचे नव्हते, मागे नोकर भेटवस्तू घेऊन आलेत म्हणून चाललंय. मठाला दान करा, आम्ही हात धरून नेऊ, ही त्या काळची जाहिरात समजा. त्याखाली कोपऱ्यात छोट्या कमानी आहेत आणि एक मुलगी ओणवी झालीये, ढगातून देवाचा हात तिच्याकडे आलाय. ती सँत फ्वा. तिच्या मागे आडव्या दांडीवर बेड्या टांगलेल्या दिसतात का बघा, आतल्या जाळ्या आठवल्या ना, म्हणूनच दार शेवटी ठेवा म्हटलं.

ख्रिस्ताच्या पायाखाली तराजू, एकीकडे देवदूत मायकेल, दुसरीकडे सैतान, आणि सैतान पारड्याशी चावटपणा करतोय. खाली दोन दारं अगदी शेजारी शेजारी, एका दारात देवदूत लोकांना हाताला धरून आत घेतोय, दुसऱ्या दारात अजस्र जबडा आणि त्यात माणसं कोंबली जातायत.

उजवीकडचा नरक मात्र सावकाश बघा, कोरणाऱ्यांनी इथे जास्त मजा केलीये हे उघड आहे. सरदार घोड्यावरून डोक्यावर पडतोय, कंजूष गळ्यात पैशाची थैली घेऊन लटकलाय, एकाची जीभ उपटतायत, खोटी नाणी पाडणारा आपल्या सामानासकट आहे, एकाला सळईवर भाजतायत आणि भाजणाऱ्यांतला एक सशासारखा, म्हणून भाजला जाणारा चोरून शिकार करणारा असावा म्हणतात. आणि मठाच्या दारावर असूनही नरकात साधू सुद्धा आहेत, जाळ्यात अडकलेले, हातात धर्मदंड. आडव्या पट्ट्यांवर लॅटिन ओळी कोरल्यात, सगळ्यात खालच्या ओळीचा अर्थ साधारण असा की पापी लोकांनो, वागणं सुधारलं नाहीत तर निवाडा कठोर होणार आहे हे ध्यानात ठेवा.

शेवटी कमानीची बाहेरची कड बघा, दगडी पट्टीच्या मागून छोटे चेहरे बोटांनी पट्टी धरून डोकावतायत. बरेच लोक हे न बघताच जातात.

नंतर काय झालं ते थोडक्यात

मध्ययुग संपता संपता यात्रा आटली, 1537 मधे साधूंचा मठ जाऊन साधे पाद्री आले, 1568 मधे प्रोटेस्टंटांच्या हल्ल्यात आग लागली. मग क्रांती, मग ओसाड. 1837 मधे ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक, लेखक प्रोस्पेर मेरिमे इथे आला, एवढ्या रानात एवढं काही असेल याची त्यालाही कल्पना नव्हती, त्याच्या अहवालामुळे दुरुस्तीला पैसे मिळाले आणि 1840 च्या पहिल्या संरक्षित यादीत चर्चचं नाव लागलं. 1873 मधे प्रेमोंत्रे पंथाचे साधू आले, आणि 1875 मधे दुरुस्ती चालू असताना वेदीमागच्या भिंतीत संताचे अवशेष असलेली पेटी सापडली. 1998 पासून यात्रामार्गाचा भाग म्हणून युनेस्कोच्या यादीत.

मुक्कामाचं म्हणत होतो ते यासाठी की सीझनमधे रात्रीच्या प्रार्थनेनंतर साधूंपैकी कोणीतरी दारासमोर उभं राहून शिल्पं समजावून सांगतं, मग आत ऑर्गन वाजतो आणि त्या वरच्या मजल्यावर फिरू देतात. वेळा पर्यटन ऑफिसात त्याच दिवशी विचारा. फ्रेंच येत नसेल तरी जा, हातवाऱ्यांवरून कळतं आणि आत्ता वाचलेलं आहेच.

दुसरा दिवस हाताशी असेल तर म्वासाकला जा, तुलूझच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून पडतं. कोंकला जे क्लॉइस्टर गेलं ते तिथे पूर्ण आहे, 1100 सालचा शिलालेख खांबावर तसाच, आणि त्याला खेटून रेल्वे जाते, कारण 19 व्या शतकात रूळ टाकताना मठाचं भोजनगृह पाडलं. तिथे सुद्धा दार दुपारनंतरच बघा, दक्षिणेला तोंड आहे.